जन्मनोंदीचा उतारा

स्टुटगार्ट, ८ डिसेंबर २०२४

बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, ते तुम्ही लाल शाईनं घालून घ्या. होस्टेलवर असताना माझी पत्रं दुरुस्त करून परत पाठवायचात, ते मी अजून विसरलेलो नाही.

अन्वी परवा चार आठवड्यांची होईल. रडते कमी, बघते जास्त. दम्यामुळे तुम्हाला विमान नको म्हणालेत डॉक्टर, आणि तुम्हाला सोडून आई यायची नाही, म्हणजे आम्हीच तिला घेऊन यायचं हे ठरलेलं आहे. सोबत फोटो आहे. आईला द्या.

आता काम. इथे मूल जन्मलं की हॉस्पिटल श्टांडेसआम्टला कळवतं, म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसला. ते आईबापांचे जन्माचे दाखले मागतात. देवश्रीचा पुण्याचा आहे, झाला. माझा आपण कधी काढलाच नाही. पासपोर्टसुद्धा शाळेच्या दाखल्यावर निघाला. तर मला ग्रामपंचायतीतून माझ्या जन्मनोंदीचा उतारा हवा आहे. आणि गोची तिथेच आहे. उताऱ्यावर असणार १९ ऑक्टोबर, आणि पासपोर्टवर आहे १ जून.

मी तिथल्या बाईंना, फ्राऊ केलरना, आधीच सांगून टाकलं. म्हटलं, आमच्या वर्गात बेचाळीस मुलं होती आणि त्यातल्या एकोणतीस जणांचा वाढदिवस एक जूनला. त्या हसल्या नाहीत. "असं कसं शक्य आहे?" म्हटलं, "गुरुजींनी लिहिलं." "हे गुरुजी कोण?" म्हटलं, "माझे वडील." मग थोडं हसल्या.

तर दोन कागद. एक उतारा. दुसरं तुमचं प्रतिज्ञापत्र, की शाळेच्या रजिस्टरात १ जून तुम्ही लिहिलीत आणि दोन्ही तारखांचा मुलगा एकच. दोन्हींवर परदेशात चालणारा सरकारी शिक्का लागतो. मुंबईचा एजंट ते करून देतो, त्याचा पत्ता मागे लिहिला आहे.

अन्वी इथल्या कायद्यानं जन्मतःच जर्मन नागरिक ठरते, कारण मला इथे सहा वर्षं झाली आणि माझ्याकडे कायमचा परवाना आहे. देवश्रीला येऊन तीनच वर्षं झाली, म्हणून सगळं माझ्यावर अडलंय. मी कोण ते सिद्ध झालं की तिचं काम झालं. बाबा, सहा वर्षं मी प्लास्टिकची फाईल छातीशी धरून रांगांत उभा राहिलोय. तिला कुणी कधी 'कागद दाखव' म्हणू नये, एवढंच मला हवंय.

उत्कर्ष


पळसखोरी, जि. सातारा, २ जानेवारी २०२५

प्रिय उत्कर्ष, देवश्री, आणि जिला अजून वाचता येत नाही ती,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसलो होतो. 'तीर्थरूप' माझं मीच घालून घेतलं. 'गोची' हा शब्द मात्र पत्रात बरा दिसत नाही.

एक जून! काय आठवण काढलीस. शाळा उघडायचे ते दिवस डोळ्यांसमोर आले. आया पोरांना दंडाला धरून ओढत आणायच्या. "जन्म कधीचा?" विचारलं की एक म्हणायची, "भुईमूग काढत होतो तवाचा." दुसरी म्हणायची, "पाटाला पाणी सोडलं त्या वर्साचा." आता याची तारीख काय लावायची? जनरल रजिस्टरातला रकाना रिकामा ठेवता येत नाही आणि पहिलीला सहा वर्षं पुरी दिसावी लागतात. मग एक जून. मी तेवढं लिहायचो, आणि दुसऱ्या दिवशी ते पोर बाकीच्यांच्या सुरात सूर मिसळून कविता म्हणायला लागायचं. बेचाळीस डोकी एका लयीत डोलायची. मी छडीनं टेबलावर ताल धरायचो, आणि मारायला म्हणून ती छडी कधी उचलल्याचं मला आठवत नाही. तू साडेपाच वर्षांचा होतास आणि घरी थांबायला तयार नव्हतास. स्वतःच्या पोराला साडेचार महिन्यांनी मोठं केलं, एवढाच माझा गुन्हा.

जर्मन नागरिक. हे शब्द मी दोनदा वाचले. तुमचा निर्णय विचार करूनच झाला असणार. बत्तीस वर्षं रोज सकाळी पोरांच्या रांगा समोर उभ्या करून मी प्रतिज्ञा म्हणवून घेतली. आपली नात ती कधी म्हणणार नाही, असं आपलं मनात येऊन गेलं. म्हाताऱ्याच्या मनात काय, काहीही येतं.

उतारा काढतो. ग्रामसेवक उल्हास माझाच विद्यार्थी आहे. सध्या तालुक्याला ट्रेनिंगला गेलाय.

नेहमीप्रमाणे पत्र हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. कागदांचा भाग तेवढा वगळला. तिला नको त्या गोष्टींचा घोर लागतो. तूही रविवारी फोनवर हा विषय काढू नकोस. फोटो घेऊन ती अंगणात उन्हात जाऊन बसली, ती स्वयंपाकाची वेळ झाली तरी उठेना.

बाबा


स्टुटगार्ट, २३ फेब्रुवारी २०२५

बाबा,

सात आठवडे झाले. रविवारी तुम्ही "होईल, होईल" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता.

फ्राऊ केलरनी आता एक तात्पुरता कागद दिला आहे. त्यावर वडील म्हणून माझं नाव आहे आणि पुढे लिहिलंय, 'ओळख सिद्ध झालेली नाही.' मी ते एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, उभ्या उभ्या वाचलं. घरी येऊन देवश्रीला दाखवलं तर म्हणाली, "लग्नाआधी कळलं असतं तर बरं झालं असतं." अन्वीसुद्धा हसली. मला हसू आलं नाही.

या कागदावर तिचा पासपोर्ट निघत नाही, आणि पासपोर्टशिवाय तिला कुठे नेता येत नाही. मे महिन्यात तीन आठवडे यायचा आमचा बेत आहे. मार्चच्या मध्यापर्यंत कागद हातात आले तर अजून जमेल.

दुसरी वाट एकच आहे. जन्मापासून वर्षाच्या आत, म्हणजे बारा नोव्हेंबरच्या आत, भारतीय कॉन्सुलेटमध्ये तिची भारतीय म्हणून नोंद करायची. पण भारताला दोन नागरिकत्वं चालत नाहीत. म्हणजे ती मोठी झाल्यावर एक सोडायचं, आणि तोवर इथे माझ्यासारखीच परवान्यासाठी रांगेत उभी राहणार. तो अगदी शेवटचा उपाय. आम्हाला तो नकोय.

आईला मी विचारलं, मी एकटा येऊन जाऊ का? तर म्हणते, "तुझं तोंड बघून झालंय माझं. तिला घेऊन ये."

उत्कर्ष


पळसखोरी, २० मार्च २०२५

प्रिय उत्कर्ष,

तुझा त्रागा कळला. इथे काय झालंय, १९८७ सालच्या रजिस्टरला वाळवी लागली आहे. उल्हासनं पानं तालुक्याला पाठवली आहेत. तिथून कधी येतील सांगता येत नाही. सरकारी काम आहे, त्याला आपण काय करणार?

एवढं मनाला लावून घेऊ नकोस. वर्षभराची मुदत आहे असं तूच लिहितोस, मग घाई कसली? कधी कधी वाट आपली आपण सापडते. परवा पिंपळाची कोवळी पानं उन्हात पाहिली आणि चौथीच्या वर्गाची आठवण झाली. खिडकीतून असंच तांबूस ऊन यायचं आणि पोरं कविता म्हणता म्हणता तिकडे बघत राहायची. तू दुसऱ्या रांगेत. घरी 'बाबा' आणि शाळेत 'गुरुजी' म्हणायचं हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. अन्वी कुठल्या भाषेत कविता म्हणेल? तिच्या बाई तिला कुठली नदी शिकवतील?

तुझ्या आईचं म्हणशील तर ती हल्ली अगदी हळुवार झाली आहे. स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत जाताना ओठांतल्या ओठांत पावलं मोजते, आपण मात्रा मोजाव्यात तशी. मी म्हटलं, "वृत्तात चालतेस." म्हणाली, "तुम्हाला सगळीकडे वृत्तच दिसणार."

बाबा


स्टुटगार्ट, ४ मे २०२५

बाबा,

मे महिन्याचा बेत गेला. तिकिटं काढलीच नव्हती, म्हणून रद्द करावी लागली नाहीत.

रजिस्टर खराब झालंय असं ग्रामपंचायतीचं पत्र मिळालं तरी फ्राऊ केलर त्यावर पुढे विचार करायला तयार आहेत. ते तरी आणा. नाहीतर उल्हासचा नंबर द्या, मी बोलतो. हे मी दोनदा फोनवर मागितलं आणि दोन्ही वेळा तुम्हाला नेमका खोकला आला.

अन्वी आता बसायला लागली आहे. मोठा रंगीत फोटो पाठवतोय, आईसाठी.

उत्कर्ष


पळसखोरी, १ जून २०२५

प्रिय उत्कर्ष,

आज तुझा शाळेतला वाढदिवस, म्हणून मुद्दाम आजच लिहायला बसलो. या एका दिवशी मी किती पोरं जन्माला घातली असतील! कुणी मुंबईला टॅक्सी चालवतो, एक जण फौजदार झाला, एक जर्मनीत यंत्रं करतो.

उल्हासचा नंबर बदललाय. नवा घेऊन कळवतो.

फोटो फार सुंदर आलाय. ही तो हातात घेऊन बसली होती. जवळ जाऊन बघतो तर उलटा! पोरीचे पाय वर, डोकं खाली. आणि ही आपली त्यावरून अंगठा फिरवत म्हणतेय, "कपाळ आमच्याकडचं आहे." मी पोट धरून हसलो. तीही हसली. मग मला म्हणाली, "तुम्हीच सांगा हो, कुणासारखी दिसते?" मी तासभर सांगत होतो, गालावर पहाट आहे म्हटलं, डोळ्यांत तळं आहे म्हटलं. ऐकत राहिली.

तिच्या वेगळ्याच तऱ्हा सुरू झाल्यात. चहा ओतताना कपात बोट घालते. "हे काय?" विचारलं तर म्हणे, "गरम आहे का बघते." पेपरातली गोष्ट वाचायची सोडली. दिवसासुद्धा दिवा लावून ठेवते. म्हातारपणी माणूस परत लहान होतं असं म्हणतात, त्यातलाच प्रकार.

नोव्हेंबर अजून लांब आहे.

बाबा


स्टुटगार्ट, २२ जून २०२५

बाबा, नमस्कार.

तुमची पत्रं उत्कर्षच्या नावानं येतात आणि वाचतो आम्ही दोघंही, म्हणून आज मी उत्तर लिहिते. अन्वी झोपली आहे. माझं मराठी तुमच्यासारखं नाही, सांभाळून घ्या.

तुमचं एक जूनचं पत्र उत्कर्षनं एकदा वाचलं आणि ठेवून दिलं. तो कागदांच्या काळजीत आहे. मी ते परत परत वाचलं. आई फोटो उलटा धरून बसल्या होत्या. कपात बोट घालतात. पावलं मोजतात. वाचत नाहीत, दिवसा दिवा लावतात. बाबा, तुम्ही हे सगळं गंमत म्हणून लिहिलं आहे. मला वाटतं, त्यांना दिसत नाही.

माझ्या आत्याचं असंच झालं होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण घरातली प्रत्येक वस्तू तिला पाठ होती. तुम्ही या आठवड्यात आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. साताऱ्याला न्या, गावातल्या चष्मेवाल्याकडे नको. त्या 'काही झालं नाही' म्हणतील. ऐकू नका.

आणखी एक विचारते. लहान तोंडी मोठा घास वाटेल. उतारा मिळत नाहीये, की मिळाला आहे? मी उत्कर्षला हे बोललेले नाही. तुम्ही रागावलात तर माझ्यावर रागवा. पण इथे आम्ही रोज पोस्टाची पेटी उघडतो.

देवश्री


पळसखोरी, २० जुलै २०२५

उत्कर्ष आणि देवश्री,

साताऱ्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी हिच्या डोळ्यांपुढे बोटं धरली आणि विचारलं, "किती?" ही म्हणाली, "दाखवलीत तेवढी." ते हसले. मग उजेड टाकून बराच वेळ बघत राहिले, आणि मग हसले नाहीत.

काचबिंदू आहे. उजवा डोळा केव्हाच गेला. डाव्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, तेही किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही म्हणाले. या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही. "आधी का नाही आणलंत?" हे त्यांनी तिला नाही, मला विचारलं.

परतताना एसटीत मी तिला म्हटलं, "मला सांगायचंस." ती म्हणाली, "पोरीचा पहिला फोटो आला तेव्हा उन्हात धरला की दिसत होतं. नाक दिसलं, मिटलेल्या मुठी दिसल्या. म्हटलं, मे महिन्यात येणारच आहे, तोवर डावा डोळा पुरेल. एकदा तिला बघते, मग न्या कुठे न्यायचं तिथे. पण उत्कर्षला रजाच मिळाली नाही."

तुला रजा मिळाली नाही असं तिला मी सांगितलं होतं.

आता देवश्रीच्या प्रश्नाचं उत्तर. उतारा मला १७ जानेवारीलाच मिळाला. उल्हासनं दहा मिनिटांत काढून दिला, वर चहा पाजला. वाळवी कुठेही नव्हती. ते पाकीट माझ्या कवितांच्या वहीत होतं आणि मी रोज ती वही उघडत होतो.

पहिला महिना-दीड महिना मला वाटत होतं, प्रतिज्ञापत्राची लाज वाटते म्हणून थांबलोय. आयुष्यभर 'खरं बोला' असं फळ्यावर लिहिणाऱ्यानं कोर्टाच्या कागदावर 'मी खोटी तारीख लिहिली' असं लिहून द्यायचं. मग तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं, त्यात नोव्हेंबरची मुदत होती, आणि माझं मलाच कळलं की लाज हे निमित्त होतं. कागद गेला नाही तर वर्ष सरत येईल, तू नाइलाजानं कॉन्सुलेटमध्ये जाशील आणि ती आपली राहील. एवढंच माझ्या मनात होतं. तिला मी पाहिलेलीसुद्धा नाही, आणि ती कुणाची हे मी ठरवत होतो.

परवा तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. मी दोन पानं लिहून नेली होती. वकील म्हणाला, "गुरुजी, निबंध नको, चार ओळी द्या." चार ओळी दिल्या. दोन्ही कागद काल मुंबईला एजंटकडे गेले, तो शिक्के घेऊन थेट तुला पाठवेल.

हिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

बाबा


स्टुटगार्ट, १० ऑगस्ट २०२५

बाबा,

कागद मिळाले. भाषांतर करून दिले. दहा आठवडे तरी लागतील म्हणाले.

मे महिन्यात आई मला फोनवर म्हणाली होती, "तुझ्या साहेबाला सांग, तुझ्यावाचून काही अडत नाही." मला तेव्हा अर्थ लागला नव्हता. मी हसून 'हो' म्हटलं होतं.

तिला खरं सांगा. तुम्ही स्वतः. मी सांगणार नाही आणि देवश्रीही सांगणार नाही. तोवर मी पत्र लिहिणार नाही.

उत्कर्ष


पळसखोरी, ७ सप्टेंबर २०२५

उत्कर्षदादा,

मी शेजारची मीनल, अंगणवाडीतली. यमुनाकाकू सांगताहेत आणि मी लिहितेय. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही अशी ताकीद आहे. काका बाहेर ओट्यावर बसलेत. आता काकू बोलतात.

पोरा, गौरी गेल्या त्या दिवशी दुपारी यांनी तुझी सगळी पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचली. या वेळी सगळी वाचली. मला वाटायचं, आपलं पोरगं एवढ्या लांबून पत्र लिहितं आणि त्यात हवापाण्याशिवाय काही नसतं. म्हटलं, बापावर गेलंय.

वाचून झाल्यावर हे रडले. मी चहा केला. दुसरं काय करणार?

माझंही चुकलं. मीही कुणाला बोलले नाही. बोलले असते तर दवाखाने सुरू झाले असते आणि तू एकटाच धावत आला असतास. पण मी लपवलं ते माझ्या डोळ्यांचं. यांनी लपवलं ते तुझ्या पोरीचं. दोन्ही सारखं नाही. हे मी यांना तोंडावर सांगितलंय.

ती जर्मन तर जर्मन. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नाव बदललं. त्याआधी मी ऊर्मिला होते. मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही तिला जिथे जन्मली तिथेच ठेवताय, तिच्याच नावानं. चांगलं करताय.

यांना माफ कर असं मी सांगणार नाही. माझं मी बघेन, तुझं तू बघ. पण पत्र लिही. मीनल वाचून दाखवेल. तिला घाईत लिहिलेलं लागत नाही, तेव्हा सावकाश लिही. आणि माझ्यासाठी धावत येऊ नका. आता धावून काही होणार नाही. पोरीला सोसेल तेव्हा या.

आई


स्टुटगार्ट, १३ नोव्हेंबर २०२५

आई,

मीनलताई, हे सावकाश लिहिलंय, बघा लागतंय का.

गेल्या महिन्यात अन्वीचा जन्मदाखला आला. वडील म्हणून माझं नाव आहे आणि पुढची ओळ आता नाही. त्याच आठवड्यात पासपोर्टला दिलं. काल ती वर्षाची झाली, आणि आज पासपोर्ट आला. लाल रंगाचा आहे, फोटोत ती कुणावर तरी चिडल्यासारखी बघतेय. आता भारताचा व्हिसा, तो लवकर मिळतो. तिच्या आजीला भेटायला तिला व्हिसा लागतो, हे मी चारदा मनात म्हणून पाहिलं. बाबांना तेव्हा काय वाटलं असेल ते थोडंसं कळलं. थोडंसंच.

फ्राऊ केलरनी बाबांच्या चार ओळी भाषांतरात वाचल्या. 'मुलाला शाळेची ओढ होती आणि वय पुरे नव्हतं, म्हणून मी त्याला मोठा केला.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

वीस डिसेंबरला पोचतो. दहा जानेवारीपर्यंत आहोत.

उत्कर्ष


पळसखोरी, २५ जानेवारी २०२६

प्रिय उत्कर्ष,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं मीनलच्या फोनवर कळलं. हे पत्र मी हिच्या सांगण्यावरून लिहितोय. लिहून झालं की तिला वाचून दाखवणार आहे, म्हणून यात माझ्या पदरचं काही घालता येत नाही.

तुमची गाडी दारात थांबली तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ही उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन उभी होती. सकाळपासून तीनदा पातळ बदललं होतं. आवाजाच्या रोखानं तिनं हात पुढे केला आणि भाकरतुकडा ओवाळायला लागली, तो देवश्रीच्या खांद्यावरच्या पिशवीभोवती. देवश्रीनं चटकन पिशवी खाली सोडली आणि त्या जागी अन्वीला धरलं. हिचा हात फिरायचा थांबला नाही. तिला कळलंच नाही असं मी धरून चाललो होतो. काल म्हणाली, "कळलं होतं. पिशवीला श्वास नसतो."

पोर तिच्याजवळ जायला आधी घाबरली, मग चार दिवसांनी मांडीवरून उतरेना. चिमणी दिसली, दिवा दिसला, मांजर दिसलं की बोट दाखवून ओरडायची, "दा!" तू सांगितलंस, दा म्हणजे 'ते बघ'. ही प्रत्येक वेळी बघायची. पोरीचं बोट दाराकडे, आणि ही पोरीच्या तोंडाकडे, जिथून आवाज आला तिथे. पोरगी परत परत बोट दाखवायची. शेवटी एकदा तिनं हिची हनुवटी धरून तोंड दाराकडे फिरवलं. तू तेव्हा उठून आत गेलास. मी तिथेच बसलो होतो.

तीन आठवड्यांत तू माझ्याशी सामानाबद्दल आणि गरम पाण्याबद्दल बोललास. तक्रार नाही. निघताना वाकून नमस्कार केलास, तेही लोक बघत होते म्हणून. चालेल.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी ही भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता सांगा, कशी आहे दिसायला. आणि कविता करू नका."

मी म्हटलं, "गालावर..." ती म्हणाली, "पहाट नको. भुवया सांगा. जाड आहेत का पातळ? कान उत्कर्षसारखे पुढे आलेत का? हसताना खळी पडते का, कुठल्या गालाला? हाताला कळलं तेवढं मला ठाऊक आहे. डोळ्यांचं सांगा."

उत्कर्ष, मला सांगता येईना. ती सदा तुझ्या कडेवर किंवा तुझ्या शेजारी होती, आणि तुझ्याकडे बघायचा मला धीर नव्हता. तीन आठवडे मी खाली मान घालून वावरलो. मला तिची पावलं आठवतात, हिरवे मोजे आठवतात. चेहरा जुळवायला जावं तर शाळेतली कुठली कुठली पोरं समोर येतात. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

ती म्हणाली, "तुम्हाला डोळे होते ना?"

म्हणून विचारतो. फोटो नको. फोटो मला दिसेल आणि मी परत काहीतरी सांगत बसेन. तू लिही, नाहीतर देवश्रीनं लिहावं. भुवया, कान, खळी, केसांचा भोवरा कुठे आहे ते, दात किती आलेत आणि त्यांच्यात फट आहे का. साध्या शब्दांत. मी तसंच्या तसं वाचून दाखवीन, आणि मीनल शेजारी बसून कागदावर नजर ठेवेल, अशी हिची अट आहे. मला मान्य आहे.

रोज दुपारी पोस्टमनची सायकल दारावरून पुढे गेली की ती विचारते, "आलं का?" मी 'नाही' म्हणतो. हल्ली ते खरं असतं.

बाबा